घरातला रेडॉन: पुणे परिसरातल्या चार जागांच्या मोजणीच्या नोंदी

११ मे २०२४: जागा आणि उपकरणं

रेडॉन म्हणजे माती-दगडातल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, म्हणून ही मोजणी. चार जागा ठरल्या. ‘मा’ म्हणजे पांढऱ्या मातीच्या भिंतींचं जुनं घर, जमीन शेणाने सारवलेली. ‘बं’ बंगल्याचा तळमजला, दगडी जोतं आणि आत मुरुमाची भर. ‘त’ त्याच बंगल्याखालचं तळघर, अडगळीचं सामान ठेवायला. ‘फ’ चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली एसीची झोपायची खोली.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने खूपच कमी. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात एका घरात घनमीटरला सुमारे १,००,००० बेकेरेल सापडले होते. अणुवीज केंद्रात काम करणारा माणूस आत जातानाच तिथली धोक्याची घंटा वाजवायला लागला, तेव्हा ते घर उघडकीला आलं. तसं काही इथे निघणार नाही. आपला प्रश्न उलटा आहे: आकडे लहान असताना ते खरे कसे मोजायचे. (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. पुढे ‘बेकेरेल’ म्हटलं की घनमीटरमागे समजावं.)

डिजिटल मीटर दोन. ‘क’ उघड्या जाळीचा आयन-कक्ष, भिंतीतल्या प्लगवर चालणारा. माहितीपत्रकाप्रमाणे ३७ बेकेरेलला मिनिटाला अर्धी गणना (एक गणना म्हणजे अणू फुटताना सुटलेला, मीटरने टिपलेला एक अल्फा कण), म्हणजे २० बेकेरेलला तासाला १६. सोळाचं वर्गमूळ ४, तेव्हा तासाच्या आकड्यात २५ टक्के चढउतार फुकटचा. चोवीस तासांची सरासरी धरली तर तो ५ टक्क्यांवर येतो. ‘ख’ बंद प्लास्टिकच्या कक्षाचा, सिलिकॉन डायोडचा, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्या गणना ‘क’च्या दहाव्या हिश्श्याइतक्या, त्यामुळे त्याला आठवडा द्यायलाच हवा. मोबाइलवरचा तासाचा आलेख पाहून ‘आज रेडॉन वाढला’ म्हणण्यात अर्थ नाही.

१९ मे २०२४: मीटरचं शून्य

शेजारी शेजारी ठेवून आठवडाभराची सरासरी: ‘क’ १९, ‘ख’ २४. १०० बेकेरेलवर पाचाचा फरक कोणी पाहत नाही. इथे तो पाव हिस्सा आहे.

शून्य तपासण्यासाठी रबरी वायसरचा, क्लिपा लावून घट्ट बसणारा स्टीलचा डबा घेतला. आत सुती पिशवीत २०० ग्रॅम सक्रिय कोळसा. तो आधी ओव्हनमध्ये ११० अंशांवर काही तास वाळवायचा, कारण ओला कोळसा रेडॉन धरत नाही. वाळवून गरम असतानाच डब्यात कोंडू नये, निवू द्यावा. ‘ख’ला सेल असल्याने अडचण नाही. ‘क’साठी आत पॉवर बँक ठेवावी लागते, आणि बहुतेक पॉवर बँका इतका कमी करंट पाहून ‘काही जोडलेलंच नाही’ असं ठरवतात आणि अर्ध्या मिनिटात बंद पडतात. ‘लो करंट मोड’ असलेली घ्यावी, नाहीतर सोबत एक छोटा यूएसबी दिवा जोडून भार वाढवावा.

पहिले पाच-सहा तास सोडून द्यायचे. आत आधीपासून चिकटलेल्या अपत्यांचा (रेडॉन फुटून बनणाऱ्या किरणोत्सर्गी अणूंचा) ऱ्हास व्हावा लागतो आणि मीटर स्वतः दाखवतो तीसुद्धा मागची सरासरी असते. त्यानंतर ‘क’ १ ते २ वर थांबला, ‘ख’ ५ वर. ‘ख’ जुना आहे. वर्षानुवर्षं कक्षाच्या भिंतीवर शिसं-२१० साठतं (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं), त्यातून पोलोनियम-२१० येतं आणि त्याचा अल्फा कण ५.३ एमईव्ही ऊर्जेचा असतो. रेडॉनचा ५.४९. दोन्हींतला फरक स्वस्त मीटरला कळत नाही. पुढच्या सगळ्या नोंदींत ‘ख’मधून ५ आणि ‘क’मधून १.५ वजा केलेत.

२ जून २०२४: ‘फ’, एसीची खोली

३ × ३.५ × २.८ मीटर, म्हणजे २९.४ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर. चौथ्या मजल्यावर जमिनीतला वायू पोचत नाही, जे येतं ते सिमेंट, विटा, वाळूतून.

दार-खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. हा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. अनेक रात्रींची तासवार सरासरी काढली तर रात्री दहाला १३ आणि सकाळी सहाला २२. एकेका रात्रीचा आलेख मात्र नुसता दातेरी करवत. वक्र बसवला तर पृष्ठभागातून तासाला चौरस मीटरमागे दीड बेकेरेल आणि तासाला ०.२ हवापालट (म्हणजे तासाभरात खोलीतली पाचवा हिस्सा हवा बदलणं) असं जुळतं. दार बोटभर उघडं ठेवून हवापालट तासाला १ झाला तर हिशोबाने १३ च्या पुढे जाणार नाही. ठेवून पाहिलं, १२ ते १४ मध्येच राहिला.

घरच्यांना सांगताना रेडॉनचं नाव न काढलं तरी चालेल. अशा खोलीत दोन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड सकाळपर्यंत काही हजार पीपीएमवर जातो. दार फटीएवढं उघडं ठेवायला तेवढं कारण पुरे.

भिंती फ्लाय-अ‍ॅश विटांच्या आहेत, म्हणून घरमालकांना धाकधूक. कोळशाच्या राखेत रेडियम (ज्यातून रेडॉन निघतो) साध्या मातीपेक्षा जास्त असू शकतं हे खरं. पण भट्टीत राख वितळून तिचे काचेसारखे गोळे होतात आणि रेडॉन त्या काचेतच अडकून संपतो. आकडेही तेच सांगतात.

१६ जून २०२४: फिल्म लावल्या

तीन महिन्यांच्या सरासरीसाठी एलआर-११५ फिल्म, अल्फा कणांच्या खुणा धरून ठेवणारी: १२ मायक्रॉन सेल्युलोज नायट्रेटचा लाल थर, खाली पॉलिएस्टरचा आधार. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या पिनहोल डोसिमीटरच्या धर्तीचे डबे. एकाच तोंडातून, काचतंतूच्या गाळणकागदातून वायू पहिल्या कप्प्यात जातो. तिथून १ मिलिमीटरच्या चार छिद्रांतून दुसऱ्यात. थोरॉन हा रेडॉनचाच दुसरा प्रकार, थोरियमपासून येणारा. त्याचं अर्धायुष्य ५५.६ सेकंद, त्यामुळे छिद्रांतून झिरपेपर्यंत तो संपतो. रेडॉनला ३.८२ दिवस आहेत, तो निवांत पोचतो. पहिल्या कप्प्यात दोघांच्या खुणा, दुसऱ्यात फक्त रेडॉनच्या.

टांगायची जागा: जमिनीपासून दीड मीटर, भिंतीपासून निदान २५ सेंटिमीटर, पंख्याच्या झोताबाहेर, उन्हात नाही, गॅसच्या शेगडीवर तर मुळीच नाही. उष्णतेने खुणा बुजतात. कोऱ्या तुलना-फिल्म अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तराच्या पाकिटात सील करून ठेवल्या. त्या लावणीच्या दिवशीच सील व्हायला हव्यात, काढणीच्या दिवशी नव्हे.

७ जुलै २०२४: ‘मा’, भिंतीचा खेळ

‘क’ भिंतीला टेकवून फळीवर ठेवला तर ९० च्या आसपास. तोच खोलीच्या मधोमध स्टुलावर २६. रेडॉन खोलीभर सारखा पसरतो, अर्ध्या मीटरवर तिप्पट-चौपट फरक त्याच्यामुळे पडू शकत नाही. हा थोरॉन. मातीतल्या थोरियममधून येतो आणि भिंतीपासून थोड्या अंतरावरच संपतो. ‘क’ची जाळी उघडी असल्याने तो आत शिरतो. ‘ख’च्या बंद कक्षात हवा शिरायलाच वेळ लागतो, म्हणून त्याचे दोन्ही जागांचे आकडे जवळपास सारखे: २४ आणि २२.

पडताळा: ‘क’ पातळ पॉलिथिनच्या पिशवीत बांधला आणि पुन्हा भिंतीला टेकवला. रेडॉन पॉलिथिनमधून सावकाश पार होतो, थोरॉन वाटेतच मरतो. दुसऱ्या दिवशी आकडा २५. पिशवीचा दुसरा फायदा पावसाळी दमटपणाचा. विद्युतक्षेत्राने पोलोनियम गोळा करणाऱ्या मीटरांत तर दमट हवेने आयन उदासीन होतात आणि आकडा खोटा कमी येतो, त्यांना शोषक पुडीशिवाय पावसाळ्यात लावूच नये.

मातीच्या घरात मीटर कोनाड्यात ठेवून ‘९० निघाला’ असं कोणी सांगितलं, तर पहिला प्रश्न अंतराचा विचारावा.

२८ जुलै २०२४

संततधार. ‘त’मध्ये सरासरी ५८ वरून ८३. बाहेरची ओली माती वायूला वाट देत नाही, घराखालची कोरडी राहते, आणि वायू तिकडून निघतो. ‘बं’मध्ये खिडक्या उघड्या, फरक जाणवत नाही.

बोअरच्या पाण्याची शंका आली होती. ढोबळ नियम असा की पाण्यातल्या रेडॉनचा दहा हजारावा भाग घरातल्या हवेत येतो. लिटरला १०० बेकेरेल पाणी असेल तर हवेत १० ची भर. इथे तळघरात पाण्याचा वापर नाही, विषय बंद.

१४ सप्टेंबर २०२४: काढणी

‘मा’मधल्या दोन डब्यांपैकी एकाच्या तोंडावर कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधलेलं, गाळणकागदाचा दोन तृतीयांश भाग लिंपलेला. अशा डब्याचं सगळंच फेकायची गरज नाही. प्रवेश मंदावला की मार बसतो तो मिनिटभर जगणाऱ्या थोरॉनला. चार दिवस जगणारा रेडॉन उशिरा का होईना आत जातोच. त्या डब्याचा थोरॉनचा आकडा बाद, रेडॉनचा ठेवला. पुढच्या वेळी तोंडाखाली सुटी मच्छरदाणीची जाळी, कागदापासून दोन सेंटिमीटर अंतर सोडून.

२२ सप्टेंबर २०२४: फिल्म धुणं

२.५ नॉर्मल कॉस्टिक सोडा, ६० अंश, ९० मिनिटं, न ढवळता. यात अल्फा कणांच्या खुणा कोरल्या जाऊन त्यांची छिद्रं होतात.

लिटरला १०० ग्रॅम. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे दाणे. उलट केलं तर उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच. बरणी उघडी राहिली असेल तर दाणे हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून बसलेले असतात, मग १०० ग्रॅम वजनात सोडा तेवढा नसतो आणि द्रावण फिकं पडतं. म्हणून ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेट करूनच, म्हणजे तीव्रता तपासूनच वापरावं. तापमान बाथच्या काट्यावर नव्हे, फिल्मशेजारी बुडवलेल्या थर्मामीटरवर पाहावं. एक-दोन अंशांनीही उरलेली जाडी बदलते आणि जाडीबरोबर आरपार छिद्रांची संख्या. सगळ्या फिल्म, कोऱ्यांसकट, एकाच बाथमध्ये. दोन खेपांत धुतल्या तर दोन खेपांची तुलना होत नाही.

वाहत्या पाण्याखाली धुऊन, सावलीत वाळवून, लाल थर आधारावरून सोलायचा. मग स्पार्क काउंटर: खाली इलेक्ट्रोड, वर फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं मायलर (पातळ पॉलिएस्टर). आधी ९०० व्होल्टला एकदा ठिणगी पाडून अर्धवट छिद्रं उघडायची, मग नव्या मायलरवर ५०० व्होल्टला मोजायचं. प्रत्येक ठिणगी तिथला अ‍ॅल्युमिनियम उडवते, म्हणून तेच छिद्र दोनदा मोजलं जात नाही. सोलताना सुरकुती पडलेली फिल्म धडधडून खोटी मोजते. ती सूक्ष्मदर्शकाखाली हातानेच मोजावी.

६ ऑक्टोबर २०२४: आकडे

‘मा’चा चांगला डबा. दुसऱ्या कप्प्यात चौरस सेंटिमीटरला ३८ खुणा, कोऱ्या फिल्मच्या ४ वजा, ३४. अंशांकन गुणक (एका बेकेरेलला दिवसाला किती खुणा) ०.०१७, दिवस ९०, गुणाकार १.५३. रेडॉन २२, अनिश्चितता ४.

पहिल्या कप्प्यात ७५, वजा ४, म्हणजे ७१. त्यातल्या रेडॉनच्या ३४ काढल्या, उरल्या ३७. थोरॉनचा गुणक ०.०१०, नव्वद दिवसांना ०.९, तेव्हा थोरॉन ४१. इथे अनिश्चितता १२. दोन मोजण्या एकमेकींतून वजा केल्या की चुका वजा होत नाहीत, त्या साठतात.

‘बं’ २८, ‘फ’ १७, ‘त’ ७१. ‘ख’च्या दुरुस्त आकड्यांशी सगळे अनिश्चिततेच्या आत जुळले.

२० ऑक्टोबर २०२४: मात्रा आणि धोका

घरमालकांचा प्रश्न एकच: ‘मग धोका किती?’

आधी मात्रा, म्हणजे शरीराला बसणारा किरणोत्सर्गाचा मार, मिलिसिव्हर्टमध्ये. ३० बेकेरेल, वर्षाला ७,००० तास घरात, समतोल गुणक (वायूच्या मानाने हवेत अपत्यं किती) ०.४. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीच्या गुणकाने ०.७६ मिलिसिव्हर्ट. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या नव्या गुणकाने १.४. हवा तीच, खोली तीच. त्यामुळे ‘मिलिसिव्हर्ट किती’ हा आकडा गुणकाचं नाव घेतल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही. शक्यतो बेकेरेलच द्यावेत, ते तरी मोजलेले आहेत.

०.४ हेही गृहीतच आहे. फुप्फुसाला इजा वायूपेक्षा त्याच्या अपत्यांची, पोलोनियम-२१८ आणि २१४ ची. वायू श्वासाबरोबर परत जातो, अपत्यं श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात. छताचा पंखा जोरात असेल तर ती भिंतींवर आणि पात्यांवर चिकटतात आणि गुणक खाली येतो, रेडॉनचा आकडा मात्र तसाच राहतो. उदबत्ती किंवा चुलीच्या धुराने उलट होतं, ती कणांवर बसून हवेत तरंगत राहतात.

आता धोका. २००५ साली युरोपातल्या १३ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं: ७,१४८ फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण, १४,२०८ तुलनेची माणसं. मोजलेल्या रेडॉनच्या दर १०० बेकेरेलला धोका ८ टक्क्यांनी जास्त निघाला. मोजणीतली अनिश्चितता हिशोबात घेतल्यावर तोच १६ टक्के झाला (५ ते ३१ च्या पट्ट्यात). आमच्या सगळ्या खटाटोपाचं कारण या दुरुस्तीत आहे. मोजमाप ढिसाळ असलं की जास्त रेडॉनची आणि कमी रेडॉनची घरं एकमेकांत मिसळतात आणि धोका आहे त्याहून लहान दिसतो. ‘चुका दोन्ही बाजूंना होतात, सरासरीत निघून जातात’ हे इथे खोटं आहे.

टक्के कशावरचे हे सांगितल्याशिवाय १६ चा आकडा घाबरवतो. त्याच अभ्यासाप्रमाणे ७५ वर्षांपर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांत: रेडॉन शून्य असेल तर हजारात ४, १०० बेकेरेलला ५ च्या जरा खाली, ४०० ला ७ च्या जवळ. सिगारेट ओढणाऱ्यांत: १०१, ११६, १६०. ३० बेकेरेलच्या घरात बिडी ओढणाऱ्या माणसाने रेडॉनची चौकशी करावी आणि बिडी चालू ठेवावी, हा हिशोब कुठेच बसत नाही. पायाचे आकडे युरोपातले आहेत. आपल्याकडे चुलीचा धूर आणि तंबाखूच्या सवयी वेगळ्या, म्हणून हजारात किती हे जसंच्या तसं उचलू नये. नातं कसं आहे तेवढं घ्यावं.

उंबरठा आहे का? त्या विश्लेषणात नुसती २०० बेकेरेलखालची घरं घेतली तरी नातं टिकून राहिलं. ‘शंभराखाली शून्य धोका’ असं म्हणायला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा १०० आणि अमेरिकेचा १४८ (त्यांचे लिटरला ४ पिकोक्युरी) या कारवाईसाठी आखलेल्या रेषा आहेत, सुरक्षिततेच्या नव्हेत.

केरळच्या करुणागपल्लीचा दाखला हमखास येतो: मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाची वाळू, पार्श्वभूमी किरणोत्सर्ग मोठा, तरी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७०,००० लोकांच्या पाहणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही. पाहणी भक्कम आहे. पण ती जमिनीतल्या गॅमा किरणांची, साऱ्या शरीरावर पडणाऱ्या. श्वासनलिकेच्या अस्तरावर बसून मारणाऱ्या अल्फा कणांचा निकाल तिच्यावरून लावता येत नाही.

३ नोव्हेंबर २०२४

हिवाळ्याच्या फिल्म लावल्या, जाळ्यांसकट. तळघरात या फेरीत फिल्म नाही. तिथे दुरुस्ती करायची आहे, आणि आधीचे-नंतरचे दिवस एकाच फिल्मवर मिसळले तर त्या सरासरीचा उपयोग नाही. तिथे फक्त ‘क’.

१५ डिसेंबर २०२४: तळघर

बंद ठेवून सरासरी ११२. वायू येतो कुठून? वीस लिटरचं स्टीलचं पातेलं जमिनीवर पालथं, आत ‘क’ आणि पॉवर बँक, कडेला घट्ट कणकेचा वेढा. चिकणमातीने सील करू नये, ती स्वतःच थोरॉन सोडते. कणीक तासाभराने तडकते, वर चिकटपट्टी लावावी. मोकळ्या फरशीवर सहा तासांत १५० च्या आसपास. सांडपाण्याचा पाइप जिथे फरशीतून खाली जातो तिथे, पातेलं पाइपाशेजारच्या फटीवर ठेवल्यावर, २,००० च्या वर. उदबत्ती फटीपाशी धरली की धूर वर ढकलला जातो.

घरमालकांनी आधीच एक एक्झॉस्ट पंखा बसवला होता. तो चालू आणि दार बंद: ९६. एवढा वारा बाहेर फेकूनही फरक जेमतेम, कारण खोलीत दाब कमी झाला की फटीतून आणखी वायू ओढला जातो.

फट तारेच्या ब्रशने झाडून, फोमची दोरी दाबून, वर पॉलियुरेथेन सीलंट. सिमेंट सुकताना आकसतं आणि पाइपाभोवती केसाएवढी फट परत उघडते. सिलिकॉन धुळकट काँक्रीटला धरत नाही. त्यानंतर पंखा बंद असताना ६४. पंखा उलटा फिरवून बाहेरची हवा आत ढकलल्यावर ३१. हवा आत घेण्याची जागा स्कूटरच्या धुराजवळ नको.

तळघरात माणूस दिवसाला पंधरा मिनिटं जातो. खरं तर ११२ असतानाही घाई नव्हती. पण त्यावरच्या ‘बं’ची जमीन हेच छत आहे.

९ फेब्रुवारी २०२५: हिवाळ्याचे आकडे

१ तारखेला काढलेल्या फिल्म धुऊन झाल्या. ‘बं’ ४६ ± ६, पावसाळ्यातल्या २८ च्या दीडपटीहून जास्त. रात्री खिडक्या बंद, शिवाय अर्धा काळ फट बुजवण्याआधीचा. ‘फ’ २१, आधीच्या १७ पेक्षा वेगळा म्हणण्याजोगा नाही. ‘मा’ रेडॉन ३४ ± ५, थोरॉन ५८ ± १४. वर्षाच्या सरासरीसाठी उन्हाळ्याची फेरी बाकी, तोवर कोणत्याही घराला ‘वार्षिक’ आकडा द्यायचा नाही.

‘मा’मध्ये पलंग भिंतीपासून हातभर ओढायचा सल्ला सुचतो, पण तो पुरत नाही. वायू भिंतीपाशी संपत असला तरी त्याचं अपत्य शिसं-२१२ चं अर्धायुष्य १०.६ तास, ते पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर फिरतं. थोरॉनच्या वायूवरून मात्रा काढता येत नाही, अपत्यं मोजावी लागतात. त्यासाठी एलआर-११५ वर ५० मायक्रॉनचं मुलामा दिलेलं मायलर चढवायचं. पोलोनियम-२१२ चे ८.७८ एमईव्हीचे अल्फा कणच त्यातून फिल्मच्या टप्प्यात येतात, रेडॉनच्या अपत्यांचे मायलरमध्येच थांबतात. अशा तीन पट्ट्या आज टांगल्या: उशाशी, खोलीच्या मध्यात, दाराजवळ, मायलरची बाजू मोकळ्या हवेकडे. सारवण नेहमीसारखं चालू ठेवायचं, फक्त कोणत्या दिवशी झालं ते दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलंय.